इफ्फत आपाच्या काळ्या काचा

अमरावतीत जवाहर गेटच्या आत एका बोळात नियाज फोटो स्टुडिओ होता, आणि त्यात इफ्फत नावाची बाई कुणाचं काही न ऐकता बसलेली असायची. वय चाळिशीच्या पुढे, डोक्यावर ओढणी, नखांत काळी शाई. गल्लीतले लोक तिला आपा म्हणायचे आणि गिऱ्हाइकं तिच्या माघारी तिला खडूस म्हणायची. दोन्ही खरं होतं.

तिचे वडील नियाजभाई जुन्या वळणाचे फोटोवाले. अंधारखोलीत लाल दिव्याखाली कागद धुवून फोटो काढायचे. मुलीनं दुकानात बसू नये असं सांगणारे नातेवाईक ढीगभर होते, पण अंधारखोलीत बसलेली मुलगी कुणाला दिसतच नाही, त्यामुळे त्यांची तोंडं आपोआप बंद झाली. त्या अंधारात ती सगळं शिकली. मग अकोल्यात लग्न झालं. सासूनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, हे फोटोचं वेड माहेरी ठेवून ये. इफ्फतनं काही दिवस खालमानेनं काढले आणि एका सकाळी पेटी उचलून बडनेऱ्याची गाडी धरली. ती परत गेलीच नाही. पुढे कुणी अकोल्याचं नाव काढलं, की ती चहा टाकायला उठायची.

नियाजभाई गेले आणि त्यांच्या मागोमाग त्यांची कलाही निघाली. फोटोचा कागद मिळेना, धुण्याची औषधं मिळेनात. व्यापारी म्हणायचे, आता मागतं कोण? धाकटा भाऊ मोईज व्यवहारी. त्यानं दुकानाच्या पुढच्या भागात मोबाइलचं रिचार्ज आणि लग्नाचे रंगीत अल्बम सुरू केले. मागचा भाग आपाकडे राहिला. तिनं नागपूरहून शाईवर चालणारा एक फोटो-प्रिंटर आणला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, की या डब्यातून मी अब्बांच्या तोडीचा ब्लॅक अँड व्हाइट काढून दाखवीन.

"आपा, ब्लॅक अँड व्हाइट तो मय्यत का फोटो रहता," मोईज म्हणायचा. "जिंदा आदमी को कलर होना."

"तू तेरा रिचार्ज मार," आपा म्हणायची.

खरं सांगायचं तर डबा तिचं ऐकत नव्हता. लोक आपल्या गेलेल्या आईबापांचे जुने फोटो मोठे करायला आणायचे, ती करून द्यायची, आणि आठवड्याभरात माणूस फोटो घेऊन दारात उभा. उत्तमराव म्हणून एक निवृत्त मास्तर आले होते. म्हणाले, "बाई, घरी नेल्यावर बाबा हिरवे दिसून राहिले." आपानं तो फोटो ट्यूबलाइटखाली धरला, मास्तरांच्या नाकासमोर नाचवला आणि विचारलं, "कुठी हाये हिरवा? तुमच्या भिताडाचा रंग हिरवा असन." मास्तर बिचारे निघून गेले. आपानं असे बरेच जण परतवून लावले. कुणाच्या घरात धूर, कुणाच्या फ्रेमची काच हलकी, कुणाला मोतीबिंदू. तिच्याकडे कारणांना तोटा नव्हता.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात तानुबाई आली.

त्या वर्षांत शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांमागे वऱ्हाडात पाहुण्या गाड्यांची फार वर्दळ असायची. कुणी दिल्लीहून, कुणी पुण्याहून. गावात उतरायचे आणि सगळ्यात आधी विचारायचे, की इथे रडतं कोण. दुःख होतं गावात, नाही कोण म्हणतो? पण ज्या गावात दुःख असतं तिथली माणसं भाजीही पिकवतात, बांधावरून भांडतातही आणि पोरांच्या लग्नात नाचतातही. ते गाड्यांना नको असायचं. त्यांना पाहिजे असायचं कपाळावर हात घेतलेलं माणूस, आणि ते त्यांना कुठूनतरी मिळायचंच.

तानुबाई वलगावची. नवऱ्यामागे अर्ध्या एकरात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर काढायची आणि रोज अमरावतीच्या बाजारात आणून विकायची. उन्हात रापलेली, काळी, काटक म्हातारी. तिची सांबाराची जुडी दुसऱ्यांपेक्षा मोठी असायची आणि तोंडही. ती थेट आपाच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. नियाजभाईंच्या काळापासून ओळख होती.

"इफ्फत, मले एक फोटो पायजे. मोठा. भिताडावरच्या कॅलेंडराएवढा."

"काहून मावशी? कोन गेलं?"

"कोनी नाई गेलं. माह्याच फोटो पायजे."

मग तिनं सगळं सांगितलं. शहरात फोटोंचं प्रदर्शन भरलं होतं, शेतीच्या हालअपेष्टांचं. अकोल्याच्या ओमप्रकाश नावाच्या फोटोग्राफरनं गावोगाव फिरून काढलेले फोटो. एका गिऱ्हाइकानं सांगितलं, तुमचा फोटो लागला आहे. तानुबाई हौसेनं पाहायला गेली. पाहते तर वलगावच्या थांब्यावर ती उभी, कपाळावर हात, डोळे मिटलेले, तोंड वासलेलं. काळा-पांढरा, मोठाच्या मोठा. खाली काहीतरी लिहिलेलं. तिनं शेजारच्या पोरीला वाचायला लावलं. लिहिलं होतं: 'आता अश्रूही आटले'.

"मी रडून राहिली होती काय तेथी?" तानुबाईनं टेबलावर हात आपटला. "माह्यं मेथीचं गाठोडं घेऊन जीपवाला तसाच चालला गेला. मी त्याले शिव्या देऊन राहिली होती! ऊन डोयात जाऊन राहिलं, म्हनून हात कपायावर ठुला. अन् हे म्हनते आसू आटले. बाया माह्या फोटोसमोर उभ्या राहून च्यक च्यक करून राहिल्या. मी मांगं उभी, मले कोनी वयखलं बी नाई."

आपाला हसू आलं, पण म्हातारीच्या डोळ्यांत पाहिल्यावर ते जिरलं. तानुबाई खरोखर दुखावली होती. आयुष्यभर जिनं कुणासमोर हात पसरला नाही, तिच्या नावानं शेकडो अनोळखी लोकांनी उसासे टाकले होते, आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

"ते सारे फोटो आता अकोल्याले चालले," तानुबाई म्हणाली. "येत्या आयतवारी तेथी लागतीन. मले तेवढाच फोटो दे, माह्या खऱ्या तोंडाचा. त्याच्या बाजूले नेऊन ठुते, तू बी संगं चाल. अन् तसाच काया-पांढरा दे. रंगीत देला त लोक म्हनतीन, बुढीले रंग लावून हासवली."

मोईज पुढून ओरडला, "मावशी, जित्या मानसाचा काया-पांढरा भिताडावर नसते लावत. अपशकुन होते."

"अपशकुन तं होऊन गेला, बापू. मले जित्तेपनी मारून टांगलं त्याईनं."

आपानं हो म्हटलं. हो म्हणून बसल्यावर तिला अकोला आठवलं आणि ती चहा टाकायला उठली. पण शब्द देऊन झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॅमेरा घेऊन वलगावला गेली. तानुबाई वांग्यांच्या वाफ्यात उभी राहिली, एक हात कमरेवर, एका हातात विळा. आपा म्हणाली, थोडं हसा. तानुबाई म्हणाली, हसायला मी काही लग्नात आली नाही. तिनं सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेनं आपाला क्षणभर कॅमेऱ्यामागे लपल्यासारखं वाटलं. फोटो झकास आला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तो पाहताना आपा स्वतःशीच 'वा रे वा' म्हणाली.

मग प्रिंटरनं रंग दाखवायला सुरुवात केली.

पहिला कागद बाहेर आला तो चेहऱ्यावर आडव्या पांढऱ्या रेघा घेऊन. मे महिना, बाहेर माणूस भाजून निघतोय, त्यात शाई प्रिंटरच्या बारीक छिद्रांत वाळून बसली होती. आपानं तपासणीचा कागद काढला. त्यावरच्या रेषा जागोजाग तुटलेल्या. तिनं छिद्रं साफ करायची आज्ञा दिली, पुन्हा तपासलं, पुन्हा साफ केलं, मध्ये लोडशेडिंगनं वीज गेली, आली, पुन्हा तपासलं. रेघा गेल्या.

दुसरा कागद कडांना काळा बरबटून आला आणि काळ्या भागात शाई फुटलेली. आता या चुकीला वऱ्हाडी माणूसच जबाबदार असू शकतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पाहुणा आला, की त्याला कुलरसमोर बसवायचं हा धर्म आहे. आपानं प्रिंटरचीही तशीच सरबराई केली होती. महागाचं मशीन, त्याला गरम होत असेल, म्हणून अख्खा कुलर त्याच्यावर सोडलेला. वाळ्याच्या टट्ट्यांतून आलेली ओली हवा खाऊन कागद दमट होत होते, कडा वर उचलत होत्या, आणि वरून जाणारं शाईचं डोकं त्यांना घासत होतं. आपानं कुलर ढकलत नेऊन मोईजच्या काउंटरकडे वळवला. मोईजनं पहिल्यांदाच ब्लॅक अँड व्हाइटबद्दल चार बरे शब्द काढले.

तिसरा कागद स्वच्छ आला. आपानं तो रात्रभर वाळू दिला आणि दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून आलेल्या तानुबाईच्या हातात ठेवला.

तानुबाईनं बराच वेळ पाहिलं. "हे कोन होय?" तिनं विचारलं.

"तुमीच."

"मी कवा इतकी गोरी होती व?"

आपा चपापली. हातानं सवयीनं काम केलं होतं. स्टुडिओत आलेला प्रत्येक चेहरा दोन घरं उजळ करून द्यायचा, हा धंद्याचा रिवाज. गिऱ्हाइकाला न विचारता करायचा, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं.

"तेनं मले रडवली, तू मले गोरी केली," तानुबाई म्हणाली. "दोघाइले बी मी जशी हाव तशी नाई चालत. मी कायी हाव, कायीच काढ."

ओढणीच्या आत आपाचे कान तापले. तिनं तिथल्या तिथे उजळपणा काढून टाकला आणि चौथा कागद लावला. हा बाहेर आला तेव्हा तिला वाटलं, आता अब्बा असते तर पाठीवर थाप दिली असती. ट्यूबलाइटखाली काळा काळाभोर, करडा अगदी करडा, कपाळावरची एकेक सुरकुती मोजून घ्यावी अशी.

तानुबाईनं फोटो घेतला आणि चपला घालून सरळ दुकानाबाहेर चालू लागली.

"मावशी, कुठी चालल्या?"

"बाहीर. लुगडं घेतानी बी मी दुकानातल्या लाइटीत नाई पसंत करत. उनात नेऊन पायते."

आपा तिच्यामागे पडदा सारून बाहेर आली. बोळात दुपारचं ऊन पडलं होतं. तानुबाईनं फोटो त्या उन्हात धरला, आणि त्यातली तानुबाई शेवाळलेल्या हौदातून काढल्यासारखी हिरवीगार होती.

आपा फोटो घेऊन आत गेली, करडा. बाहेर आली, हिरवा. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा ती आत गेली आणि तिथेच थांबली. तिनं भिंतीकडे पाहिलं. नियाजभाईंनी अंधारखोलीसाठी खिडकीच्या साऱ्या काचा काळ्या ऑइलपेंटनं रंगवल्या होत्या आणि दाराला जाडजूड पडदा लावला होता. ते गेल्यावर कुणी त्याला हात लावला नव्हता. या खोलीत तिनं आयुष्य काढलं, आणि इथून बाहेर गेलेला एकही फोटो तिनं कधी दिवसाच्या उजेडात पाहिला नव्हता. मास्तर खरं बोलत होते. सगळेच खरं बोलत होते. वर्षभर ती त्यांच्याशी भांडत होती आणि त्यांच्या घरी त्यांचे आईबाप हिरवे होऊन भिंतीवर बसले होते.

तिला रडू आलं, ते आवरायच्या भानगडीतही ती पडली नाही. डोळे पुसत तिनं टेबलाच्या खणातून ब्लेड काढलं, स्टूल ओढलं आणि खिडकीवर चढली.

मोईज धावत आला. "आपा, क्या कर रही? अब्बा के हाथ का है वो!"

"अब्बा को अंधेरा होना था," ती काच खरवडत म्हणाली. "मेरे को उजाला होना. तू बाजू हट, आँख में जाएगा."

रंग घट्ट बसला होता. खपल्या तिच्या ओढणीवर, केसांत, चहाच्या कपात पडत होत्या. एका काचेच्या कोपऱ्यात नियाजभाईंच्या बोटाचा ठसा उमटलेला होता. तिथे तिचा हात थांबला. तेवढा एक ठसा सोडून तिनं बाकी सगळं उतरवलं. संध्याकाळपर्यंत खोलीत उजेड आला, आणि त्या उजेडात कोपऱ्यातली जाळीही दिसली. तानुबाईनं न सांगता केरसुणी घेतली.

आता कारण शोधायचं होतं. ते सापडलं तेव्हा आपानं स्वतःला दोन-चार उर्दू शिव्या दिल्या. मोईजनं प्रिंटर लग्नाच्या अल्बमसाठी लावून दिला होता. त्या सेटिंगवर मशीन करडा रंगसुद्धा निळी, लाल, पिवळी शाई मिसळून बनवत होतं. ट्यूबलाइटखाली तो करडा जरा जांभळट दिसायचा, म्हणून आपा दर वेळी हिरव्याकडे झुकवायची. आत जमून जायचं. बाहेर उन्हात तो झुकाव उघडा पडायचा.

तिनं नुसत्या काळ्या शाईवर काढून पाहिलं. हिरवा गेला, पण गालांवर ठिपके उठले. मग ती कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या सेटिंगच्या त्या पानावर गेली जिथे ती कधी फिरकलीच नव्हती. तिथे ब्लॅक अँड व्हाइटसाठी वेगळी सोय होती, काळ्यासोबत दोन फिक्या करड्या शाया वापरण्याची. पण त्या करड्या नळकांड्यांत तिनं बाजारातली सुटी शाई सुईनं भरलेली, तिच्या रंगाचा भरवसा नव्हता. ओळखीच्या कंडक्टरच्या हाती नागपूरहून सीलबंद शाई मागवली. ती आल्यावर जुन्या शाईचा अंश जाईपर्यंत मशीन धुतलं, आणि अख्खा कागद वाया न घालवता चेहऱ्याच्या बारीक पट्ट्या काढल्या. थोडी गडद, थोडी उजळ. लगेच निवाडा केला नाही, कारण ओली शाई खोटं बोलते. वाळल्यावर प्रत्येक पट्टी खिडकीत पाहिली, बोळात पाहिली, ट्यूबखाली पाहिली. काळ्या गालावरची चमक आणि त्यामागची वांग्याची काळपट पानं वेगवेगळी दिसतील अशी एकच पट्टी निघाली. शनिवारी त्या पट्टीवरून मोठा फोटो काढला, आणि तानुबाईनं तो बोळात नेऊन उन्हात धरला.

"हे मी हाव," ती म्हणाली.

रविवारी सकाळी दोघी बडनेऱ्याहून पॅसेंजरनं निघाल्या. फोटो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून तानुबाईच्या धुवट लुगड्यात बांधलेला. मूर्तिजापूर गेलं तशी आपानं ओढणी पुढे ओढली. अकोल्याच्या फलाटावर पाय ठेवताना तिला वाटलं, आता कुणीतरी ओळखीचं भेटेल आणि विचारेल, कशाला आलीस? कुणी भेटलं नाही. भेटलं असतं तर तिनं सांगितलं असतं, काम आहे.

सभागृहात पंखे फिरत होते, लोक हळू आवाजात बोलत फोटो पाहत होते. ओमप्रकाश वाईट माणूस नव्हता. उन्हातान्हात गावं हिंडलेला, पोटतिडकीनं बोलणारा. त्यानं दोघींना पाणी दिलं, फोटो पाहिला, "सुंदर आहे" असंही म्हणाला. मग मान हलवली.

"पण आजी, हा इथे नाही लावता येणार. ह्या प्रदर्शनाचा विषय वेगळा आहे. तुमच्या त्या फोटोनं किती लोकांचं मन हललं, तुम्हाला कल्पना नाही."

"मन हाललं, चांगलं झालं," तानुबाई म्हणाली. "पन रडलं कोन, ते त सांग. मी त नाई रडली."

"तुमच्या एकटीचा नाहीये तो फोटो. सगळ्यांच्या दुःखाचा आहे."

"तोंड माह्यं हाये ना?"

ओमप्रकाशनं फोटो पुन्हा पुठ्ठ्यांत घालून लुगड्यात बांधून तिच्या हातात दिला. आपाच्या तोंडाशी भांडण आलं होतं, चांगलं जवाहर गेटचं. तानुबाईनं तिचं मनगट धरलं. "चाल," ती म्हणाली.

सभागृहाच्या फाटकाशी ती थांबली. लुगडं सोडलं, पुठ्ठे काढले आणि फोटो दोन्ही हातांनी छातीसमोर धरून रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. अकोल्याचं भर दुपारचं ऊन. फोटो बोळातल्या उन्हात पाहिला होता, पण असल्या उघड्या रस्त्यावरच्या उन्हात कुठे पाहिला होता? ती चार पावलं मागे गेली आणि तिनं पाहिलं. काळा काळाच होता. करडा करडाच होता. हिरव्याचा मागमूस नव्हता. तिला इतका आनंद झाला की तिथेच रस्त्यात ती मोठ्यानं हसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वळून पाहिलं.

आत जाणारे लोक फोटोकडे बघत आत जात. बाहेर येताना मात्र त्यांचे पाय अडत. "हे तीच बाई होय ना?" एकजण म्हणाला. एक बाई परत आत गेली, तो दुसरा फोटो पाहून आली आणि तानुबाईशेजारी उभी राहिली. हळूहळू फाटकाशी घोळका जमला. कुणी च्यक च्यक केलं नाही. करायची सोयच नव्हती, एकाच वेळी दोन तानुबाया सरळ डोळ्यांत बघत होत्या.

गलका ऐकून ओमप्रकाश बाहेर आला. त्यानं फोटोतली तानुबाई पाहिली, तो धरून उभी असलेली तानुबाई पाहिली, आणि त्याचा हात आपसूक गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे गेला. कॅमेरा डोळ्यापर्यंत पोचला होता.

"थांब," तानुबाई म्हणाली.

तो थांबला.

"पयल्यांदा काढला, तवा माह्यं नाव इचारलं होतं काय?"

"नाही, आजी."

"मंग आता इचार."

ओमप्रकाशनं कॅमेरा खाली घेतला. "तुमचं नाव काय?" त्यानं विचारलं.

तानुबाईनं फोटो थोडा वर उचलला, हनुवटी वर केली आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा बाजारातल्या आवाजात सांगितलं, "तानुबाई देवमन होले. वलगाव. आता काढ."